त्यांची गोष्ट वेगळी!

जपान पाहून आलेल्या मराठी माणसाचे भाषण कसे असते, हे आता आपल्याला पाठ झाले आहे. गाडी सेकंदाच्या काट्यावर आली; रस्त्यावर कागदाचा कपटा दिसला नाही; शाळेतली मुले आपला वर्ग आपणच झाडतात; विसरलेली छत्री दुसऱ्या दिवशी जागच्या जागी सापडली. श्रोते माना डोलावतात. मग पुढच्या रांगेतले एखादे गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणतात, “त्यांची गोष्ट वेगळी! शिस्त त्यांच्या रक्तातच आहे.” सभा संपते, आणि मंडळी चहाचे कागदी पेले खुर्च्यांखाली तसेच ठेवून घरोघर जातात.

या एका वाक्याशी माझे भांडण आहे. दिसायला ते कौतुकाचे आहे. पण जरा उलटून पाहा, म्हणजे त्याच्या मागच्या बाजूला पळवाट दिसेल. जे रक्तातच असते त्यासाठी कुणाला झिजावे लागत नाही. आणि जे आपल्या रक्तात नाही त्याबद्दल आपल्याला कुणी जाब विचारू शकत नाही. म्हणजे एकाच सुस्काऱ्यात त्यांच्या कष्टांवर पाणी पडते आणि आपली जबाबदारीही धुऊन निघते. इतके स्वस्त कौतुक दुसरे कोणते असेल?

माझा पुरावा तोक्योतला नाही, क्योतोच्या देवळांतलाही नाही. तो आहे ओकी द्वीपसमूहातल्या एका लहानशा बेटावरचा. होन्शू या मुख्य बेटापासून साठ किलोमीटरांच्या आसपास, जपानी समुद्रात ही बेटे पसरली आहेत. कारभाराच्या दृष्टीने ती शिमाने प्रांतात मोडतात. त्यांतल्या नाकानोशिमा बेटावर आमा हे गाव आहे. गाव म्हणजेच बेट, आणि बेट म्हणजेच गाव. क्षेत्रफळ ३३ चौरस किलोमीटर. १९५० साली लोकवस्ती सात हजारांच्या घरात होती. २०२० साली ती २,३०० च्या आसपास उरली.

उन्हाळ्यात इथे प्रवासी येतात. हिवाळ्यात येतो तो सायबेरियाकडून सुटणारा वायव्येचा वारा. पाहुणे गेल्यावर घर कसे असते ते पाहावे, म्हणून मी मुद्दाम जानेवारी निवडला. शिचिरुई बंदरावर पोचले तर तिकिटाच्या खिडकीवर पाटी: आज बोट नाही. सेकंदाच्या काट्यावर धावणारा जपान समुद्राच्या काठाशी संपतो; तिथून पुढचे वेळापत्रक वारा ठरवतो. दुसऱ्या दिवशी बोट सुटली, आणि तीन तास अशी हेलकावत राहिली की माझ्याजवळचा आलेपाक ओळखदेख नसलेल्या चौघांत वाटून संपला. हिशिउराच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माझी दुभाषी तरुणी दोन्ही हातांनी टोपी धरून उभी होती. ती मूळची ओसाकाची. पाच वर्षांपूर्वी या बेटावर येऊन राहिलेली. ‘इथे का आलात?’ या प्रश्नाचे उत्तर तिने लगेच दिले नाही. “चार दिवस राहा, मग मीच विचारीन,” म्हणाली.

माझा मुक्काम एका आजीबाईंच्या घरी होता. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, दोन वेळचे जेवण घालतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पाठीला किंचित बाक; पण बोलण्यात आपल्या कोकणातल्या कोणत्याही काकूला हार जाणार नाहीत. जपानी घरात थंडीच्या दिवसांत ‘कोतात्सु’ मांडतात: बुटके मेज, त्याखाली शेगडी आणि वरून पसरलेली दुलई. सारे घर त्या दुलईत पाय घालून बसते. तिथेच आम्ही जेवलो. भाताबरोबर करी होती. पण तिच्यात मटण नव्हते, समुद्रातल्या मोठ्या शंखांतले ‘साझाए’ नावाचे मांस होते. “आमच्या लहानपणी मटण कुठले मिळायला? मग जे समुद्रात मिळे ते करीत टाकायचे,” आजी म्हणाल्या. गरिबीतली ही तडजोड आता हवाबंद पाकिटात भरून गावाची खासियत म्हणून विकली जाते. तिसऱ्यांच्या कालवणावर वाढलेल्या माणसाला तिची चव समजावून द्यावी लागत नाही.

आजींच्या गल्लीत घरे अकरा. त्यांतली सात बंद. त्यांचे दोन्ही मुलगे ओसाकाला.

“तुमच्याकडची मुलेही अशी जातात?” त्यांनी विचारले.

“जातात. मुंबईला.”

“परत येतात?”

“गणपतीला.”

“आमची ओबोनला येतात,” आजी म्हणाल्या. ओबोन हा ऑगस्टमधला पितरांचा सण. नंतर बराच वेळ दोघीही काही बोललो नाही. दुभाषी मुलीला तेवढीच विश्रांती मिळाली.

बंद घर म्हणजे काय, हे कोकणी माणसाला सांगायला नको. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. तिथल्या कुलपांना वर्षातून पाच-सात दिवस किल्ली लागते. तेव्हा ‘त्यांची गोष्ट वेगळी’ हे वाक्य आजींच्या गल्लीत तरी टिकत नाही. रोग तोच आहे. प्रश्न एवढाच की त्यावर कुणी काय केले.

दुसऱ्या दिवशी आजींकडे नगरकचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. बोलणे मोजके, हिशेब पक्का. त्यांनी सांगितलेली हकीगत सारांशाने अशी. बेटावर धंदा नव्हता, म्हणून वर्षानुवर्षे रस्ते आणि धक्के बांधण्याची सरकारी कामे हाच धंदा झाला. त्यासाठी कर्ज काढले, आणि या शतकाच्या सुरुवातीला त्या चिमुकल्या गावावर सुमारे एक हजार कोटी येनांचे कर्ज चढले. त्याच सुमारास लहान गावे एकमेकांत विलीन करण्याची मोहीम देशभर चालू होती. १९९९ साली ३,२०० हून अधिक असलेली गावे आणि नगरे २०१० पर्यंत सतराशेच्या आसपास आली. आमा गावालाही शेजारच्या बेटांत मिसळून जाण्याचा सल्ला मिळाला. पण मध्ये समुद्र! विलीन होऊन कचेरी पलीकडच्या बेटावर गेली, तर वारा सुटलेल्या दिवशी दाखला आणायला जायचे कुणी? गावाने विलीनीकरण नाकारले. २००२ साली यामाउची मिचिओ नगराध्यक्ष म्हणून निवडून आले होते. त्यांनी पुढे आपला पगार निम्मा केला. २००५ साली कचेरीतल्या नोकरांचे पगारही सोळा ते तीस टक्क्यांनी उतरले. साऱ्या जपानात सर्वांत कमी पगार देणारी कचेरी, अशी तिची ख्याती झाली.

“हे सारे निमूटपणे झाले?” मी विचारले.

गृहस्थ हसले. “निमूटपणे? माझी बायको महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हती. मुलगा शिकत होता, घराचे हप्ते चालू होते. काही लोक म्हणत, हे नाटक आहे. काही म्हणत, बुडायचेच आहे तर पगार घेऊन बुडू.”

मग मी आमच्याकडचे ते वाक्य त्यांच्यापुढे ठेवले: आमचे लोक म्हणतात, शिस्त तुमच्या रक्तातच असते. दुभाषी मुलीने ते भाषांतर करताना जरा संकोच केला. गृहस्थांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “रक्तात असती, तर हजार कोटींचे कर्ज आम्ही केले असते का?”

माझे सारे म्हणणे या एका प्रतिप्रश्नात आहे. कर्ज करणारे हात आणि पगार कापून घेणारे हात एकाच गावचे होते. मधल्या काळात रक्त बदलले नव्हते. निर्णय बदलला होता. वाचलेल्या पैशाचेही त्यांनी काय केले पाहा. बेटावरची मासळी उत्तम. पण बोटीने मुख्य भूमीच्या बाजारात पोचेपर्यंत तिचा ताजेपणा जाई आणि भाव पडे. गावाने २००५ साली मासळीच्या पेशी न फुटता ती गोठवणारे यंत्र बसवले. मग माकूल आणि कालवे थेट मोठ्या शहरांत जाऊ लागली. पगारातून कापलेले पैसे खड्ड्यात गेले नाहीत, हे लोकांना डोळ्यांनी दिसले; म्हणून पुढचे भांडण थोडे सोपे झाले.

पुढचे भांडण शाळेचे होते, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच.

आमा, निशिनोशिमा आणि चिबु या शेजारच्या तीन बेटांना मिळून एकच उच्च माध्यमिक शाळा: ओकी-दोझेन. पंधरा ते अठरा वर्षांची मुले तिथे शिकतात. २००८ साली त्या शाळेत पहिल्या वर्षाला अवघी २८ मुले आली. तिन्ही वर्षे मिळून पट नव्वदच्या आसपास. प्रांताच्या नियमांनुसार ती बंद होण्याच्या वाटेवर होती. आता हिशेबनीस म्हणेल: झाली बंद तर झाली! मुले मुख्य भूमीवर जातील, मोठ्या शाळेत शिकतील, त्यात त्यांचेच भले. बेटावरच्या लोकांनी हिशेबाची पुढची ओळ वाचली. पंधराव्या वर्षी मुलगा बाहेर गेला की त्याच्या खोलीचे भाडे आणि खानावळ आईबापांच्या माथी. दुसरे मूल मोठे होत असते. दोन-दोन बिऱ्हाडे कुणाला परवडतात? मग सारे कुटुंबच उठते. आणि जिथे पुढे शाळा नाही हे ठाऊक आहे, तिथे तरुण जोडपे बिऱ्हाड थाटायला येईल तरी कशाला? शाळा गेली की आधी मुले जातात, त्यांच्यामागे आईबाप, त्यांच्यामागे दुकान, दवाखाना आणि शेवटी बोट. गावाच्या आढ्याला आधार देणारा खांब तो. त्याची किंमत लाकडाच्या भावाने लावायची नसते.

शाळा प्रांतिक सरकारची. गावाला तिच्यावर काडीचा अधिकार नव्हता. तरी तिन्ही बेटांच्या गावकऱ्यांनी, शिक्षकांनी आणि बाहेरून आलेल्या काही तरुणांनी मिळून तिचा संसार हाती घेतला. शाळेला पूरक असे अभ्यासकेंद्र २०१० साली उघडले. बेटाचे प्रश्न हाच अभ्यासाचा विषय केला. आणि मग त्यांनी एक उफराटी गोष्ट केली: आपली मुले शहरात पाठवण्याऐवजी शहरातली मुले बेटावर बोलावली. ‘बेटावर शिकायला या’ असे आवाहन देशभर गेले. २०१२ साली पहिल्या वर्षाच्या पुन्हा दोन तुकड्या झाल्या. काही वर्षांत एकूण पट दीडशेच्या वर गेला.

इतिहासाची गंमत पाहा. १२२१ साली गो-तोबा या माजी सम्राटाने कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध उठाव केला, तो हरला, आणि शिक्षा म्हणून त्याची रवानगी याच बेटावर झाली. सुमारे अठरा वर्षे इथे काढून १२३९ साली तो इथेच वारला. जिथे राजाला शिक्षा म्हणून पाठवीत, तिथे आज तोक्योचे आईबाप आपली मुले शिक्षणासाठी पाठवतात!

त्यांतली एक मुलगी मला आजींच्या स्वयंपाकघरातच भेटली. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला बेटावरचे एक कुटुंब जोडून देतात. त्या घराला म्हणतात ‘शिमा-ओया’, म्हणजे बेटावरचे आईबाप. रविवारी वसतिगृहातून ती आजींकडे येते. सतरा वर्षांची, तोक्योत जन्मलेली. मुळे चिरायला बसली, तर आजींनी सुरी हातातून काढून घेतली. “तीन महिने शिकवते आहे, अजून चकत्या लाकडाच्या फाळक्यांसारख्या!” मुलगी खुदकन हसली. मी तिला विचारले, इथे येऊन काय मिळाले? थोर काहीतरी ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, “तोक्योत मी एखादा दिवस शाळेत गेले नाही, तर कुणाला कळत नसे. इथे मी न आल्याचे मासळीवाल्यालाही कळते.” क्षणभर थांबून तिने पुस्ती जोडली, “कधी कधी त्याचा त्रासही होतो.”

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर मीही त्या सभेतल्या वक्त्यांच्या पंगतीला जाऊन बसेन. धक्क्यावर जाळी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळ्याने मला बरेच खडसावले. “तुम्ही लोक येता, फोटो काढता, आणि आमचे गाव वाचले असे लिहिता. वाचले कुठे? माझा मुलगा परत आलेला नाही. शहरातली पोरे तीन वर्षे राहतात आणि जातात. नवे लोक येतात, त्यांतले निम्मे टिकत नाहीत.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. शेकडो नवी माणसे येऊनही बेटाची लोकसंख्या किंचित का होईना घटतेच आहे. म्हातारी माणसे फार आहेत. मी विचारले, “मग शाळा बंद होऊ दिली असती तर बरे झाले असते?” त्याने जाळ्याची गाठ दातांनी ओढली आणि माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “असे कोण म्हणाले? नात जाते तिथे.”

चमत्कार झालेला नाही, हेच मला महत्त्वाचे वाटते. चमत्कारापुढे हात जोडून घरी जाता येते. माणसांनी भांडून, पदरमोड करून, अर्धेमुर्धे यश मिळवलेले पाहिले की हात जोडून भागत नाही; ते हात कशाला तरी लावावे लागतात.

आणि ज्यांना अजूनही रक्ताचा सिद्धान्त सोडवत नसेल त्यांच्यासाठी एक आकडा. याच जपानने २००२ ते २०२० या काळात साडेआठ हजारांच्या वर सरकारी शाळा बंद केल्या. रक्त तेच, शिस्त तीच, गाड्या तितक्याच वेळेवर. आणि शाळांना कुलपे. तिथेही ‘पट नाही, परवडत नाही’ हेच कारण पुढे आले. तेव्हा ओकीच्या लोकांनी जे केले ते जपानी म्हणून केले नाही. पुष्कळदा देशाच्या वहिवाटीविरुद्ध जाऊनच केले. ‘पण जपान श्रीमंत आहे हो!’ हाही आक्षेप ऐकला आहे. देश श्रीमंत आहे. पण हे गाव कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले असताना त्याने हा डाव मांडला. तिजोरी भरायची वाट पाहिली असती, तर शाळेच्या पटांगणात आज गवत असते.

आता आपल्या घरी या. २०१७ साली महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. विरोध झाला, वाद झाले. समूह शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. सात मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नाहीत. एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळताना दमतात. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, प्रयोगशाळा असेल. हे सारे खरे आहे. पण शिक्षणहक्काच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असे म्हटले, ते काही उगाच नव्हे. आषाढात ओढ्याला पाणी आले की सहा वर्षांच्या मुलाला पलीकडच्या गावी कोण पोचवणार? गाडी येईल म्हणतात. गाडी नाही आली त्या दिवशी मुलगा कदाचित चालत जाईल. मुलगी घरी राहील, आणि चार वेळा घरी राहिली की मग घरीच राहील.

शाळा चालवण्याचा खर्च सरकारी वहीत दर मुलामागे लिहिलेला असतो, म्हणून तो डोळ्यांत भरतो. शाळा बंद करण्याचा खर्चही असतोच. पण तो बापाच्या खोलीभाड्यात, आईच्या पायपिटीत आणि बंद घराच्या कुलपात विखुरलेला असतो, म्हणून कोणत्याही वहीत सापडत नाही. वहीत नाही तो खर्चच नाही, असे समजणाऱ्याला आपण काटकसरी म्हणतो! ओकीच्या लोकांनी ही न लिहिलेली वही वाचली. पट कमी आहे, यावर त्यांनी ‘मग शाळा कशाला?’ असे विचारले नाही. ‘मग मुले इथे यावीत म्हणून काय करावे लागेल?’ असे विचारले. त्यांची गोष्ट वेगळी झाली असेल, तर ती या प्रश्नापाशी झाली.

हिशिउराच्या धक्क्यावर या गावाचे ब्रीद लावलेले आहे. २०११ साली त्यांनी ते घेतले: ‘नाइ मोनो वा नाइ’. एकाच वाक्याचे दोन अर्थ. पहिला: जे नाही ते नाही, मॉल नाही, चित्रपटगृह नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. दुसरा: नाही असे इथे काही नाही, जगायला जे लागते ते सारे आहे. चौथ्या दिवशी माझ्या दुभाषी मुलीने तिचा राहिलेला प्रश्न मला विचारला: “आता सांगा, मी इथे का आले असेन?” मी त्या पाटीकडे बोट दाखवले. ती म्हणाली, “पाटी नंतर वाचली. आधी कुणीतरी मला विचारले होते, तू आमच्यासाठी काय करशील? शहरात मला हे कुणी कधी विचारले नव्हते.”

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे भरलेले असतील आणि आपल्यापैकी कित्येक जण गावाकडच्या गाडीत असतील. गावी पोचल्यावर अंगणात पणत्या लावाल, बंद खोल्या झाडाल. एवढे झाले की एक काम आणखी करा. गावच्या शाळेपर्यंत पाय मोकळे करायला जा आणि विचारा: पट किती? पुढच्या वर्षी किती? कमी असेल, तर तो वाढावा म्हणून गावाने काय ठरवले आहे, आणि आपण शहरात राहणाऱ्यांनी त्यात काय घालायचे आहे? या प्रश्नावर कुणी सुस्कारा टाकून ‘जपानची गोष्ट वेगळी’ म्हणाले, तर त्यांना चकली द्या, चहा द्या. पण ते वाक्य मात्र तसेच जाऊ देऊ नका.